राजीनामा घेऊन प्रकरण मिटत नाही : गोव्यातील शाळांच्या व्यवस्थापनांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, मॅनेजर आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

नोकरीच्या अर्जांची फाइल तुमच्यासमोर येते तेव्हा अनुभवी उमेदवाराच्या अर्जाला आधीच्या शाळेचा दाखला जोडलेला असतो. लेटरहेड, गोल शिक्का आणि खाली ठरलेला मजकूर : 'यांचे काम समाधानकारक होते, वर्तणूक चांगली होती, वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहेत.' माझे सगळे आयुष्य शाळेत गेले, असे कितीतरी दाखले टाईप होताना मी पाहिले आहेत. त्यातले बहुतेक खरेच असतात. हे पत्र उरलेल्यांबद्दल आहे.

एका शाळेत आठवीतल्या मुलीची आई तक्रार घेऊन आली. शाळेचे नाव-गाव सांगत नाही, कारण त्यावरून ती मुलगी कोण हे कुणीतरी ओळखेल. सर रात्री मोबाइलवर मेसेज करतात, गॅदरिंगची तालीम संपली की हिला एकटीला थांबवून घेतात, आणि एकदा मेकअपच्या खोलीत अंगाला हात लावला, असे तिचे म्हणणे. संध्याकाळी समिती बसली. चहा आत गेला, कप रिकामे होऊन बाहेर आले, आणि आत काय बोलणे झाले ते दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होते. पोरीचे नाव खराब होईल, उद्या तिचे लग्न व्हायचे आहे. सरांचा गणिताचा निकाल शंभर टक्के आहे. पेपरात आले तर पुढच्या वर्षी पाचवीला पोरे कोण पाठवणार? आईला समजावून घरी पाठवले. सरांकडून राजीनामा लिहून घेतला. शेवटच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ दिले आणि वर उल्लेख केलेला दाखलाही दिला. पुढच्या शैक्षणिक वर्षात ते दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत रुजू झाले. मुलीनेही शाळा सोडली. तिच्या दाखल्यासाठी मात्र आईला ऑफिसात खेपा माराव्या लागल्या.

त्या बैठकीतल्या लोकांना मी ओळखते. वाईट माणसे नव्हती. देवळाच्या कमिटीवर, पंचायतीत, सोसायटीत काम करणारी, शाळेसाठी पदरमोड करणारी माणसे. आपण शाळेची अब्रू वाचवली आणि मुलीचीही झाकली, असे त्यांना मनापासून वाटले असणार. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, पोलिसांना किंवा मंत्र्यांना नाही. गोव्यात बहुतेक हायस्कुले अनुदानित आहेत. पगार सरकार देते, पण माणूस कोण घ्यायचा आणि तक्रार आली तर पहिल्या चोवीस तासांत काय करायचे, हे तुमच्याच टेबलावर ठरते. कायदा तोकडा पडण्याच्या आधी तो या टेबलावर अडवला जातो.

कायदा तर आपल्याकडे देशाच्या आधी आला. फ्रेडी पीट्सचे नाव तुमच्यापैकी वयाने मोठ्या असलेल्यांना आठवत असेल. मडगावात निराधार मुलांसाठी आश्रम चालवणारा, समाजसेवक म्हणून मान मिळवलेला हा माणूस आश्रमातल्या मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला, पणजीत मुलांसाठी वेगळे न्यायालय आले. देशभर लागू असलेला पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) त्यानंतर नऊ वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, अमलात आला. पुढे दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१३ मध्ये, वास्कोत एका शाळेच्या शौचालयात सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. राज्य हादरले. मोर्चे निघाले. आणि चर्चा कशाची झाली? गेटची, वॉचमनची, कॅमेऱ्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण वास्कोने आपल्याला बाहेरून येणाऱ्या माणसाची भीती शिकवली आणि पीट्सचा धडा त्याखाली दबून गेला. पीट्स भिंतीवरून उडी मारून आत आला नव्हता. आश्रमाच्या किल्ल्या त्याच्याच खिशात होत्या. त्याचे बळी मुलगे होते, हेही आपण सोयीने विसरतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते, त्यात गोवाही होता. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले आणि त्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. तरीही शाळेत या विषयावर व्याख्यान ठेवायचे झाले की आपण फक्त मुलींना हॉलमध्ये बसवतो आणि मुलग्यांना मैदानावर सोडतो.

आता कायदा तुमच्याबद्दल काय म्हणतो ते पाहा. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. 'धास्ती' इथपर्यंत कायदा जातो, हे लक्षात घ्या. आधी समितीने चौकशी करावी, तथ्य आढळले तर कळवावे, अशी सवलत त्यात कुठेही नाही. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. काही शाळा अशी तक्रार महिला कर्मचाऱ्यांसाठी २०१३ च्या कायद्याने नेमलेल्या अंतर्गत समितीकडे पाठवतात आणि आपण काहीतरी केले असे समाधान मानतात. तक्रार अठरा वर्षांखालच्या मुलाची असेल तर ती समिती पोलिसांची जागा घेऊ शकत नाही.

हे नुसते पुस्तकातले कलम राहिलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात अत्याचार झाले. ते माहीत असूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे असे बजावले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात लोकांनी रेल्वे रोखून धरली ती आठवा. तिथेही अत्याचाराबरोबरच शाळेने आणि पोलिसांनी लावलेल्या विलंबाचा संताप होता आणि शाळेच्या लोकांवर न कळवल्याबद्दल गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका प्रकरणाचा निकाल दिला. आरोपी शिक्षक, मुलगी विद्यार्थिनी, आणि घरच्यांशी 'तडजोड' झाली म्हणून उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द केलेला. सर्वोच्च न्यायालयाने ती तडजोड झिडकारली. मुलीच्या बापाला बोलावून, दोन्ही बाजूंची माणसे बसवून जे आपण 'मिटवतो', त्याला कायद्याच्या लेखी काडीची किंमत नाही.

शाळेतल्या माणसाने केलेला गुन्हा कायदा अधिक वजनाचा मानतो, हेही माहीत असू द्या. तेच कृत्य शाळेच्या कर्मचाऱ्याने केले तर ते 'गंभीर' वर्गात जाते. नुसता वाईट हेतूने केलेला स्पर्श असेल तरी किमान पाच वर्षे, आणि बलात्कारासारखा गुन्हा असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षे. आणि कलमात कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने व्यवस्थापनातल्या व्यक्तींचाही उल्लेख आहे, म्हणजे तुमचा.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, पोलिसांत गेले की पोरीचे हाल होतात, म्हणून तर आम्ही टाळतो. ही काळजी खोटी नाही. पण पॉक्सोने त्यासाठी तरतुदी केल्या आहेत आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्याची ताकद गावात पालकांपेक्षा तुमच्यात जास्त आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरे वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात न येता, आईबाप जवळ असताना. मुलांना रात्री पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करणार. कोर्टात आरोपीचे तोंड तिला पाहावे लागू नये अशी व्यवस्था करायची. नाव छापायला बंदी आहे. इन्स्पेक्टर जीप घेऊन शाळेच्या पटांगणात आला तर तुमच्या मॅनेजरने त्याला अदबीने थांबवून हे सांगावे. अब्रू राखायची ती अशी.

नाव फुटते ते बहुतेक वेळा पोलिसांकडून नाही, आपल्याकडूनच. कुणीतरी क्लार्कला सांगतो, क्लार्क बालरथच्या ड्रायव्हरला, आणि बस शेवटच्या स्टॉपला पोचेपर्यंत वाड्यावाड्यावर माहिती झालेली असते. म्हणून तक्रार आली की ती ऐकणारी माणसे दोन, फार तर तीन असावीत. मुलीला समितीपुढे उभी करू नका. जे घडले ते तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, 'लिहून दे' म्हणू नका, सरांना समोर बोलावून 'आता बोल' तर मुळीच म्हणू नका. तिचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्या एका शिक्षिकेने ऐकावे, तिचेच शब्द जसेच्या तसे टिपावेत, आपले प्रश्न घुसडू नयेत. 'त्यांनी तुला इथे हात लावला का?' असा प्रश्न विचारला की पुढे कोर्टात बचावाचा वकील त्याचाच फायदा घेतो. 'काय झाले?' एवढे पुरे. बाकीचे काम पोलिसांचे. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, राज्यात व्हिक्टिम असिस्टन्स युनिट (पीडितांना मदत करणारे केंद्र) आहे. समुपदेशक येत असतील तर त्यांचा वार आणि खोली मुलांना माहीत असू द्या. नाहीतर समुपदेशकाची खुर्ची हेडमास्तरांच्या केबिनमध्ये ठेवलेली मी पाहिली आहे. तिथे कुठली पोर तोंड उघडणार?

हे सगळे घडून गेल्यावरचे. त्याच्या आधीचे जे आहे त्यावर तुमचा हात कायद्यापेक्षा जास्त चालतो, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

असा माणूस पहिल्या दिवशी अंगाला हात लावत नाही. आधी तो लाडका होतो. एखादी मुलगी किंवा मुलगा हेरतो. बहुधा घरी ज्याच्याकडे लक्ष द्यायला कुणी नाही असा. आई परदेशी कामाला, बाप बोटीवर, आजीकडे वाढणारे पोर. असली घरे आपल्या गोव्यात गल्लोगल्ली आहेत. 'तू बाकीच्यांपेक्षा समजूतदार आहेस' इथून सुरुवात होते. मग रात्री 'जेवलीस का?' मग पेन, चॉकलेट, रिचार्ज. मग स्पर्धेच्या तयारीसाठी घरी, पावसात स्कूटरवरून सोडणे, सहलीत शेजारची सीट. मग एखादे गुपित : 'हे आपल्यातच ठेव.' प्रत्येक पायरी वेगळी पाहिली तर साधी दिसते, मायेचीसुद्धा. बाकीच्या शिक्षकांना दिसत असते, पण कुणाविरुद्ध बोलायचे तरी कशावरून? म्हणून नियम लिहून ठेवायचा असतो. मग शिक्षकाच्या मनात काय आहे हे ओळखत बसावे लागत नाही, नियम मोडला एवढेच सांगावे लागते.

नियम अवघड नाहीत. विद्यार्थ्याला खासगी मेसेज नाही. निरोप वर्गाच्या ग्रुपवर जाईल आणि त्या ग्रुपवर पालक आणि दुसरे एक शिक्षक असतील. एकट्या मुलाला शिकवायचे तर दार उघडे आणि वाटेवरच्या वर्गात. स्वतःच्या शाळेच्या मुलांची घरी ट्यूशन नाही. स्पर्धेला, सहलीला, शिबिराला नेताना मोठी माणसे किमान दोन, आणि मुली असतील तर त्यातली एक बाई. गॅदरिंगच्या कपडेपटाच्या खोलीत शिक्षकांनी जायचे नाही, पालक आयांनी जायचे. अडचण आली, पाय मुरगळलेल्या मुलाला हेल्थ सेंटरला न्यायचे आहे आणि गाडी फक्त सरांकडे आहे, तर न्यावेच. निघताना हेडमास्तरांना आणि घरी फोन करावा. अशा फोनला अर्धा मिनिट लागतो.

शिक्षक नाराज होतील. 'आम्ही सगळेच संशयित काय?' असे माझे जुने सहकारी मला हे पत्र वाचून नक्की विचारणार. त्यांना माझे सांगणे असे, की आज तुमच्याकडे स्वतःच्या बाजूने दाखवायला काहीच नसते. खोटी तक्रार आली तर 'मी कधीच एकटा भेटलो नाही, हे ग्रुपवरचे मेसेज बघा' असे म्हणता आले पाहिजे. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे (मुलाला नाही, आणि ते योग्यच आहे). चौकशी चालू असताना शिक्षकाला मुलांपासून दूर ठेवणे म्हणजे त्याला दोषी ठरवणे नव्हे, हे स्टाफला आधीच समजावून ठेवायला हवे. त्याचे वेतन, त्याची बाजू, त्याचे नाव यांचीही नीट काळजी घ्या. दोन्ही बाजूंना न्याय देणारी शाळाच तक्रार लपवायला कमी प्रवृत्त होते, असे माझे मत आहे.

आता पुन्हा त्या दाखल्याकडे येते. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेतल्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी वेळोवेळी करून घ्यायची आहे. शिकवणारे, न शिकवणारे, कायम, कंत्राटी, सगळे. म्हणजे बालरथचा ड्रायव्हर आणि अटेंडंट आला, लेक्चर बेसिसवरचे शिक्षक आले, क्रिकेटचा कोच आणि गॅदरिंगपुरता बोलावलेला नाचाचा मास्तरही आला. तुमच्या शाळेत या सगळ्यांची पडताळणी झाली आहे का, हे तुमचे तुम्हीच फाइल उघडून बघा. पण पडताळणीवर विसंबूनही राहू नका. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ मध्ये सुरू झाली. ती पोलिसांनाच पाहता येते आणि तिच्यात शिक्षा झालेल्यांची नावे असतात. ज्याचा राजीनामा घेऊन प्रकरण मिटवले, त्याचे नाव ना पोलिसांकडे, ना त्या नोंदवहीत. ते फक्त आधीच्या शाळेच्या अध्यक्षाच्या डोक्यात असते. अमेरिकेत हाच प्रकार इतका बोकाळला की २०१५ च्या शिक्षण कायद्यात तिथल्या संसदेने वेगळे कलम घातले : मुलांशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे माहीत असलेल्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या शाळेत नोकरी मिळायला शाळेने मदत करायची नाही. आपल्याकडे असे कलम होईल तेव्हा होईल. शिक्षण संचालनालयाने अनुभवाच्या दाखल्याचा ठरावीक नमुना काढावा आणि त्यात 'मुलांच्या सुरक्षेसंबंधी तक्रार किंवा चौकशी होती काय' असा रकाना घालावा, ही मागणी मी पर्वरीला वेगळी पाठवणार आहे. पण त्याची वाट पाहायचे तुम्हाला कारण नाही. गोवा एवढासा. पेडण्याचा अध्यक्ष काणकोणच्या अध्यक्षाला कुठल्या ना कुठल्या लग्नात भेटतोच. नेमणुकीआधी आधीच्या शाळेला फोन करा, आणि हेडमास्तरांना थेट विचारा : याला तुम्ही पुन्हा घ्याल का? उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो तेही ऐका. उमेदवाराकडून लेखी घ्या, की आपल्याविरुद्ध अशी तक्रार कधी झाली नाही. झाली असेल तर तपशील द्यावा, लपवल्याचे आढळले तर नेमणूक रद्द. आणि उद्या तुमच्याकडे फोन आला तर खरे सांगा.

'वर्तणूक चांगली' असे खोटे लिहून तुम्ही सही करता तेव्हा दुसऱ्या गावची मुले त्या सहीवर विश्वास ठेवून वर्गात बसतात. त्यांच्या आईबापांनी तुम्हाला कधी पाहिलेलेही नसते.

तेव्हा विनंती अशी : तुमच्या समितीच्या येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर तीन बाबी घ्याव्यात. वर लिहिले आहेत तसे वागणुकीचे नियम, तुमच्या शाळेला पटतील त्या शब्दांत. तक्रार आल्यास कुणी ऐकायची आणि त्याच दिवशी पोलिसांना कुणी कळवायचे, त्या दोन व्यक्तींची नावे. आणि असा ठराव, की मुलांच्या सुरक्षेची तक्रार असलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्याचा राजीनामा पोलिसांना कळवण्याआधी स्वीकारला जाणार नाही, आणि त्याला चारित्र्याचा दाखला दिला जाणार नाही. ठराव झाला की त्याची प्रत पालक-शिक्षक संघाला द्या आणि पालकांच्या पहिल्या सभेत वाचून दाखवा. सभेला आलेल्या आयांना प्रश्न विचारायला वेळ ठेवा. आभारप्रदर्शन त्यानंतर.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली तालुका